भयकादंबरीवरून सिनेमा: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली तीन वर्षं मी एका मराठी भयकादंबरीच्या पटकथेवर काम करतोय. चित्रीकरण कोल्हापूर आणि आसपास झालं, आता आवाजाचं काम सुरू आहे. या काळात कादंबरीचे वाचक, कॉलेजची मुलं, नाटकातले मित्र, सेट बघायला आलेले गावकरी या सगळ्यांनी साधारण तेच तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

कादंबरीचं नाव प्रदर्शनापूर्वी सांगायचं नाही असं ठरलंय. म्हणून गोष्ट लागेल तेवढीच सांगतो. पंचगंगेकाठचं गाव. महापुरात एका घरातला धाकटा मुलगा वाहून गेलेला. नऊ वर्षांनी थोरला भाऊ रात्री उसात दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला, जातो आणि फडातून त्याला धाकट्याची हाक ऐकू येते.

कादंबरी खूप आवडलीय, सिनेमा करायचाय. सुरुवात कुठून करू?

कादंबरी पुन्हा वाचा, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. जिथं खरोखर अंगावर काटा आला तिथं खूण करा. ओळ चांगली लिहिलीय म्हणून खूण करू नका. पुस्तक संपलं की फक्त त्या खुणा वाचा आणि स्वतःला विचारा, ही भीती नेमकी कशाची आहे? उत्तर एका वाक्यात लिहा.

मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मेलेला भाऊ परत आला तर?’ हे वाक्य शंभर गोष्टींना लागू पडतं, म्हणजे ते आमच्या गोष्टीचं नव्हतंच. जवळजवळ महिन्यानं खरं वाक्य सापडलं: ‘पुरात त्याचा हात मी सोडला होता, आणि हे माझ्याशिवाय आणखी एकाला माहीत आहे.’ तो कागद मी टेबलासमोर भिंतीवर चिकटवला. कुठलं पात्र ठेवायचं, भूत किती दाखवायचं, शेवट काय करायचा, या सगळ्या भांडणांचा निकाल पुढं त्या कागदानंच लावला. हे वाक्य हाती लागेपर्यंत पटकथेचं पहिलं पान लिहू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

हक्कांचं काय? लेखकांनी ‘करा की’ म्हटलंय, तेवढं पुरेल ना?

पुरत नाही. माणूस कितीही जवळचा असला तरी कागद करा. कादंबरीवरून सिनेमा करण्याचा हक्क हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा (किंवा त्यानं ज्याला दिलाय त्याचा) असतो आणि तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. आधी लेखकानं प्रकाशकाशी केलेला करार मागून वाचा. चित्रपटाचे हक्क तिथंच कुठं तरी एका ओळीत प्रकाशकाकडे गेलेले असू शकतात.

करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो संपला असं मानलं जातं. सिनेमाचे पैसे उभे करण्यातच दोन वर्षं जातात, त्यामुळं ही ओळ नवख्या माणसाचा घात करते. बहुतेक जण आधी थोडी रक्कम देऊन दीड-दोन वर्षांसाठी हक्क राखून ठेवतात आणि पैसे जमले की पूर्ण करार करतात. हा रस्ता चांगला. २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीबद्दल लेखकांना संरक्षण दिलं आहे, तेही कलम वकिलाकडून नीट घालून घ्या. पटकथा तयार झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा. कुठल्या तारखेला काय लिहिलं होतं, याचा तो पुरावा असतो.

हक्क न घेता केलं तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण भयपटातलंच आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’वरून जर्मनीत १९२२ साली ‘नॉस्फेराटू’ आला. पात्रांची नावं बदलली होती, परवानगी घेतली नव्हती. स्टोकर यांच्या पत्नी कोर्टात गेल्या आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो सिनेमा आपल्याला बघायला मिळतो.

लेखक हयात नसतील तर?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ ला मोकळं झालं. मराठी भयकथा म्हटलं की ज्यांची नावं आधी ओठावर येतात, ते नारायण धारप २००८ साली गेले आणि रत्नाकर मतकरी २०२० साली. म्हणजे धारपांचं लेखन २०६८ अखेर आणि मतकरींचं २०८० अखेरपर्यंत हक्कात आहे. ‘जुनं पुस्तक आहे, कोण विचारतंय’ हा समज डोक्यातून काढून टाका.

फक्त कल्पना घेतली आणि बाकी सगळं आपलं लिहिलं तर?

कल्पनेवर कुणाचा मालकी हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. ‘वाड्यात भूत आहे’ ही कल्पना सगळ्यांची. पण प्रसंगांचा क्रम, पात्रांची नाती, उलगडा करण्याची पद्धत सारखी निघाली तर ती नक्कल ठरते. मी विचारणाऱ्यांना एकच सांगतो: जिच्यामुळं हा सिनेमा सुचला ती कादंबरी असेल, तर जाऊन तिच्या लेखकाला भेटा.

तीनशे पानं दोन तासांत बसवायची कशी?

बसवायची नसतातच. तीनशे पानांच्या कादंबरीत ऐंशी-नव्वद हजार शब्द असतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे दोन तासांना एकशे वीस पानं, तीही निम्मी मोकळी. शब्द मोजले तर चौथा हिस्सा हातात राहतो. माझा पहिला ड्राफ्ट १६८ पानांचा होता, कारण मला सगळंच ठेवायचं होतं.

मग भिंतीवरच्या कागदाकडे बघून कापायला सुरुवात केली. कादंबरीत थोरल्याचा मामा आहे, शाळामास्तर आहे, सहकारी सोसायटीच्या निवडणुकीची एक अख्खी उपकथा आहे. कादंबरीत ती उपकथा फार सुंदर आहे, गाव त्यातूनच उभं राहतं. पण हात सोडल्याच्या गोष्टीशी तिचा काही संबंध नाही. ती गेली. मामा आणि मास्तर मिळून एकच माणूस झाला: गावचा नावाडी, ज्यानं पुरात माणसं काढली आणि ज्यानं कदाचित काही पाहिलं असेल. एका माणसात दोघांचं काम आलं आणि भीतीही वाढली, कारण आता ‘आणखी एकाला माहीत आहे’ मधला तो एक कोण, याचा संशय दोन जागी फिरू लागला.

कापताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगायला हवी. भयकादंबरीतली साधी, निवांत पानं आधी कापावीशी वाटतात. आई भाकरी थापतेय, धाकटा चुलीपाशी अभ्यास करतोय, थोरला त्याची खोडी काढतोय. ‘इथं काही घडत नाही’ म्हणून मी तीही उडवली होती. दिग्दर्शकानं ती परत घालायला लावली, आणि त्याचं बरोबर होतं. ज्या घरात आपण बसून जेवलोच नाही, त्या घरातल्या माणसाच्या जाण्याचं आपल्याला काय? भुताचे तीन प्रसंग कापून ते जेवण ठेवलं.

कादंबरीतली भीती मनातल्या मनात असते. ती पडद्यावर कशी आणायची?

सगळ्यात अवघड काम हेच. कादंबरीकार लिहू शकतो, ‘त्याला वाटलं, आपल्या पाठीमागचा अंधार जरा जास्तच दाट झालाय.’ कॅमेऱ्याला ‘वाटलं’ टिपता येत नाही. पहिला मोह होतो तो पात्राचा आवाज मागून ऐकवण्याचा. मीही पंधरा-सोळा ठिकाणी तो घातला होता. वाचायला छान वाटायचं. एकदा सगळ्यांनी मिळून पटकथा मोठ्यानं वाचली आणि कळलं, की माणूस ‘मला भीती वाटतेय’ म्हणतो त्याच क्षणी ऐकणाऱ्याची भीती उतरते. सगळे काढले.

त्याऐवजी मनातली भीती बाहेरच्या एखाद्या वस्तूत, सवयीत, आकड्यात ठेवावी लागते. आमच्या बाबतीत ती वस्तू कोल्हापूरनंच दिली. पावसाळ्यात इथं प्रत्येक घरात एकच चौकशी असते: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ साली ते ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडे लहान पोरालाही हे आकडे पाठ असतात. कादंबरीत थोरल्याच्या मनातला अपराध पानंच्या पानं बोलतो. सिनेमात तो दर थोड्या वेळानं पाण्याची पातळी विचारतो. फोनवर, टपरीवर, नंतर उन्हाळ्यातसुद्धा. नदी कोरडी पडलीय आणि हा विचारतोय, ‘किती फूट झालं?’ तो प्रसंग लिहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की ही कादंबरी आता सिनेमा होईल.

दुसरं साधन आवाज. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन एकटा उसात जातो. डोक्याच्या वर गेलेला ऊस, चार हातांपलीकडे काही दिसत नाही, साप, गवा, कुठं बिबट्याची बातमी, आणि वाऱ्याला लागलं की वाळलेल्या पाचटाचा आवाज, जणू कुणी तरी सरीतून चालत येतंय. यात आम्ही काही घातलेलं नाही, हे हजारो माणसं रोज भोगतात. थिएटरात मागच्या स्पीकरमधून ते पाचट वाजलं तर प्रेक्षक मान वळवतो. कादंबरीची दोन पानं त्या एका आवाजात येतात.

भूत दाखवायचं की नाही?

आमच्याकडे यावर सगळ्यात जास्त वाद झाले. निर्मात्यांचं म्हणणं, लोक तिकीट भुतासाठी काढतात, आणि ते म्हणणं चूक नाही.

वाचक स्वतःचं भूत स्वतः तयार करतो. ‘त्याचा चेहरा ओळखीचा होता, पण त्यात काही तरी कमी होतं’ या ओळीवर प्रत्येकाला वेगळा चेहरा दिसतो. पडद्यावर सगळ्यांना एकच चेहरा दिसतो आणि निम्म्यांना तो पुरेसा वाटत नाही. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या कादंबरीवरून रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली ‘द हॉन्टिंग’ केला, त्यात भूत कधीच दिसत नाही. दारावर धडका ऐकू येतात आणि बंद दार आतल्या बाजूला फुगतं. साठ वर्षं झाली तरी ते दार बघवत नाही. उलट स्टीफन किंग यांच्या ‘द शायनिंग’ कादंबरीत (१९७७) हॉटेलच्या बागेतली, जनावरांच्या आकारात कातरलेली झुडपं हलायला लागतात. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९८० च्या सिनेमात त्याऐवजी झुडपांचा चक्रव्यूह घातला. कागदावर हलणारं झुडूप भीतीदायक असतं, पडद्यावर ते खोटं वाटण्याचा धोका मोठा. चक्रव्यूह कधीच खोटा वाटत नाही.

हे वाचल्यावर मला आपला चकवा आठवला. रात्री ओळखीच्या रानात फिरून फिरून माणूस त्याच बांधावर येतो, तो चकवा. आमच्या सिनेमात धाकटा दोनदाच दिसतो, तोही पाठमोरा. बाकी काम चकवा करतो.

संवाद कोल्हापुरी बोलीत ठेवायचे की प्रमाण मराठीत? पुण्या-मुंबईला कळेल का?

कळेल. गावातली माणसं पुस्तकी बोलायला लागली तर मात्र कुणालाच काही वाटणार नाही.

कादंबरीत हाक अशी आहे: ‘दादा, इकडे ये. पाणी फार गार आहे.’ कागदावर ती चालते, कारण वाचक मनातल्या मनात आवाज लावून घेतो. आम्ही ती अशी केली: ‘दादा, हिकडं ये की. पानी लई गार हाय.’ यात सगळं त्या ‘की’ मध्ये आहे. ‘ये’ ही आज्ञा झाली. ‘ये की’ मध्ये लाड आहे, हट्ट आहे, धाकटेपण आहे. धाकटा जिवंत असताना जेवणाच्या प्रसंगात ‘वाढ की’, ‘सोड की’ असंच बोलतो, म्हणून उसातून ‘ये की’ ऐकू आलं की पोटात कालवतं. कलाकाराला मी सांगितलं होतं, भुतासारखं बोलू नकोस, फक्त भावाला बोलव.

एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बोलतात. इथं त्यात काही विशेष नाही. पण बाहेरचा प्रेक्षक भयपट बघत असताना सुनेच्या तोंडून ‘मी आलो’ ऐकेल, तर त्याला वाटेल हिच्या अंगात कुणी पुरुष शिरला. पहिल्या वाचनाला मुंबईहून आलेल्या एका बाईंना खरोखरच तसं वाटलं. बोली बदलायची नव्हती. मग अगदी सुरुवातीच्या प्रसंगात, भीतीची चाहूलही नसताना, पाणवठ्यावर चार बायका एकमेकींशी ‘मी येतो’, ‘मी सांगितलो’ असं बोलताना दाखवल्या. प्रेक्षकाचा कान तिथंच तयार होतो. बोली राखायची असेल तर तिला पडद्यावर बसायला जागा करून द्यावी लागते.

शेवट बदलला तर कादंबरीचे वाचक रागावणार नाहीत का?

काही रागावतील, आणि त्यांचा तो हक्क आहे. आमच्या कादंबरीचा शेवट एका वाक्यात आहे, ते वाक्य थोरल्याच्या मनात उमटतं आणि पुस्तक संपतं. ते चित्रित करता येत नाही. म्हणून घटना बदलली, भीती तीच ठेवली. कोजी सुझुकी यांच्या ‘रिंग’ या जपानी कादंबरीत (१९९१) शोध घेणारा पत्रकार पुरुष आहे, १९९८ च्या सिनेमात ती एकटीनं मुलाला वाढवणारी आई झाली. एवढा मोठा बदल करूनही गोष्टीचा जीव तिथंच राहिला.

मात्र बदलाला कायद्याचीही मर्यादा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड थांबवण्याचा अधिकार देतं, हक्क विकल्यानंतरही. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’वरून झालेल्या सिनेमाबाबत १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला होता. म्हणून मोठे बदल लेखकापासून लपवू नका. प्रत्येक ड्राफ्ट वाचायला द्या.

मग पटकथा लेखकानंच लिहावी, नाही का?

जमत असेल तर जरूर. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची पटकथा कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी यांनी स्वतःच लिहिली होती. पण स्वतःचं लेकरू स्वतः कापणं सगळ्यांना सोसत नाही. आमच्या लेखकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘मी लिहिणार नाही, पण तू चुकलास तर सांगेन.’ निवडणुकीची उपकथा गेल्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. ते मलाही वाटतं.

हे सगळं कोल्हापुरात बसून होतं? मुंबई गाठावी लागत नाही?

पैशांसाठी आणि शेवटच्या तांत्रिक कामासाठी जावं लागतं. बाकी इथं होतं. बाबूराव पेंटर यांनी याच गावात कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथं तयार झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, ती गोष्ट वेगळी. या वारशाचा आम्हाला प्रत्यक्ष फायदा झाला तो माणसांच्या रूपानं: सुतार, रंगारी, कपडेपट सांभाळणारे, ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या हेच काम चालत आलंय. पडक्या वाड्याची ओल चढलेली भिंत आमच्या रंगाऱ्यानं मोरेवाडीच्या चित्रनगरीत अशी उभी केली, की हात लावून बघितल्यावरच ती कोरडी आहे हे कळलं.

बाहेरच्या जागांची परवानगी आधी बघा. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे, तिथं ऐनवेळी जाऊन काही होत नाही. राधानगरी, दाजीपूरकडच्या अभयारण्यासाठी वनखातं. गगनबावड्याचं धुकं फुकट मिळतं, पण त्याच्या वेळेवर मिळतं.

उसात काम करणार असाल तर एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: ऊस थांबत नाही. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीची टोळी येते आणि एका दिवसात तुमचं लोकेशन ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जातं. आम्ही शेतकऱ्याशी बोलून, नुकसान भरून देऊन एक फड राखला. तरी थंडीत त्याला तुरे आले आणि आधी घेतलेल्या प्रसंगांशी जुळेना. शेवटी वरून घेतलेले शॉट सोडून द्यावे लागले.

पूर खऱ्या पुरात चित्रित करू नका. जिवाचा धोका आहेच, पण ज्यांची घरं पाण्यात गेलीत त्यांच्यासमोर कॅमेरा लावून भयपट करणं मला मान्य नाही. चिखली-आंबेवाडीची माणसं दर मोठ्या पुरात घर सोडून निघतात. आम्ही एका शेततळ्यात अर्धं घर उभं केलं आणि रात्री काम केलं. कादंबरीत पूर एका ओळीत येतो, आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच होता.

भुताचा सिनेमा करून तुम्ही अंधश्रद्धा पसरवत नाही का?

हा प्रश्न मला बोचतो, आणि बोचायलाच हवा. याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्याआधी २०१३ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. इथं बसून भुताची गोष्ट सांगायची तर विचार करूनच सांगावी लागते.

भीतीची गोष्ट सांगणं म्हणजे भुतावर विश्वास ठेवायला सांगणं नव्हे. लहानपणी आजीनं सांगितलेल्या हडळीच्या, मुंजाच्या गोष्टींनी आपण काही अडाणी राहिलो नाही. पण एक फरक मी करतो. गोष्टीत भूत असणं वेगळं आणि मांत्रिकाचा उपाय यशस्वी होणं वेगळं. कादंबरीत एक मांत्रिक उतारा करतो आणि काही दिवस हाक थांबते. वाचताना ते संदिग्ध राहतं, योगायोगही असू शकतो. पडद्यावर तो विधी, दिवे, लिंबू, मंत्र आणि पाठोपाठ शांतता दाखवली की प्रेक्षक सरळ अर्थ लावतो: उपाय लागू पडला. उद्या कुणी आजारी मुलाला दवाखान्याऐवजी तिकडे नेलं तर? आम्ही मांत्रिक ठेवला, पण तो त्या घराच्या दुःखावर पैसे कमावणारा माणूस म्हणून. हाक थांबत नाही. आईच्या हातातल्या बांगड्या मात्र जातात. लेखकांशी यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं. आपण हे असंच लिहायला हवं होतं, असं ते शेवटी म्हणाले.

सेन्सॉरचं काय?

प्रमाणपत्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मिळतं. २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे) तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे. भयपटांना याचा उपयोग आहे, कारण ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळालेला सिनेमा टीव्हीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही आणि मराठी सिनेमाला टीव्हीचे पैसे लागतात. पटकथेतच ठरवा, तुमची भीती रक्तावर उभी आहे की नाही. आमची नाही, म्हणून आम्ही १६ वर्षांपुढचं प्रमाणपत्र धरून चाललोय.

घुबड, साप, काळं मांजर?

प्राणी कुठलाही असो, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. साप आणि घुबडं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, ती कुणाकडून ‘आणवायची’ नसतात. घुबडाचा फक्त आवाज वापरा. बिचाऱ्या पक्ष्याला आपल्या गोष्टींनी आधीच पुष्कळ त्रास दिलाय.

शूटिंगच्या वेळी खरोखर काही अनुभव आला का?

हा प्रश्न न विचारता कुणी जात नाही. भुताचा नाही आला. पण एक रात्र सांगतो.

प्रत्येक लोकेशनवर साउंड रेकॉर्डिस्ट एक मिनिट नुसती शांतता टेपवर घेतो, नंतर संवादांच्या खाली घालायला. उसातल्या तिसऱ्या रात्री, अडीचच्या सुमारास, काम संपल्यावर त्यानं जनरेटर बंद करायला सांगितला. दिवे गेले. चाळीस-पंचेचाळीस माणसं जिथं होती तिथं अंधारात उभी राहिली. मोबाइल बंद, खोकला दाबलेला. वारा नव्हता. मग लांब कुठं तरी पाचट वाजलं, थांबलं, आणि जरा जवळ पुन्हा वाजलं. मिनिट झालं. रेकॉर्डिस्ट ‘झालं’ म्हणाला नाही. दोन मिनिटं झाली तरी कुणी हललं नाही. फडाचे मालक माझ्या शेजारी उभे होते. सगळा जन्म त्यांनी याच रानात रात्रीची दारं धरलेली. त्यांनी हळूच माझं मनगट धरलं आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सोडलं नाही.

ती अडीच मिनिटं आम्ही सिनेमात जशीच्या तशी ठेवलीत.